आवाजरावांच्या घशाचं प्रकरण

ज्याचं घरात कुणी ऐकत नाही, पण बाहेर अख्खं बसस्टँड ऐकतं, अशा माणसाच्या घशाचं मोल काय धरायचं, हा प्रश्न कुठल्याही शास्त्राने अजून हाती घेतलेला नाही. आवाजरावांनी मात्र तो एकट्याने हाती घेतला होता. शहरातल्या मुख्य बसस्टँडवर, पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ते गाड्यांच्या घोषणा करत. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," एवढं म्हणून ते क्षणभर थांबत. त्या क्षणात खालचे फेरीवाले, भांडणारी जोडपी, रडणारी पोरं, सगळ्यांचं जागच्या जागी काहीतरी व्हायचं. खरी कला त्या थांबण्यात आहे, असं जाणकारांचं मत होतं. जाणकार म्हणजे स्वतः आवाजराव.

त्यांचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ते आता त्यांनाही सही करतानाच आठवायचं.

एके दिवशी स्टँडप्रमुखांनी त्यांना खाली बोलावलं आणि चहा मागवला. स्टँडप्रमुख सज्जन गृहस्थ होते. म्हणजे वाईट बातमी ते कोरडी कधी देत नसत.

"आवाजराव, मशीन येतंय."

"कसलं?"

"बोलणारं. बटण दाबलं की घोषणा. दचकू नका, तुमच्या नोकरीला धक्का नाही. बटण दाबायला माणूस लागतोच. पण आवाज एकदाच रेकॉर्ड करायचा आणि विभागातल्या सगळ्या स्टँडांवर तोच वाजवायचा, असं वरून ठरलंय. रेकॉर्डिंगवाला पुढच्या महिनाअखेरीस येईल."

"मग त्यात मला विचारायचं काय? आवाज हजर आहे."

स्टँडप्रमुखांनी चहात खोलवर पाहिलं. "तसा हजर आहेच हो. पण चौकशीवाल्यांनीही इच्छा दाखवलीय."

चौकशीवाले म्हणजे खाली चौकशीच्या खिडकीत बसणारे गृहस्थ. कुठल्याही प्रश्नाला "घोषणा होईल, ऐका" हे एकच उत्तर देऊन त्यांनी अर्धी नोकरी निभावली होती. आवाजरावांच्या मते त्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा होता. खुद्द चौकशीवाले आपल्या आवाजात धातूची खणखण आहे, असं सांगत. एका परीने दोघांचं एकमतच होतं.

त्या दिवशी आवाजराव घरी आले ते वेगळेच होऊन. मशीनमध्ये आपला आवाज गेला, तर आपण निवृत्त झालो तरी गावोगावच्या फलाटांवर बोलत राहणार. आणि चौकशीवाल्यांचा गेला तर? तर निवृत्तीपर्यंत रोज सकाळी कामावर यायचं, स्वतःच्या बोटाने बटण दाबायचं आणि दिवसभर खिळे ऐकायचे. या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "काय झालं?" त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मग घसा जपा." लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने दिलेल्या सल्ल्यांपैकी हा एकमेव त्यांनी तत्काळ मानला, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ऐन उन्हात त्यांच्या गळ्यात मफलर आला. गार पाणी बंद, पंखा बंद, खिडकी बंद. थर्मास घेऊन ते कामावर जाऊ लागले. माणूस एखाद्या अवयवाकडे इतकं लक्ष देऊ लागला, की त्या अवयवालाही आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. आठवडाभरात आवाजरावांच्या घशात खवखव सुरू झाली. नाक गळू लागलं, शिंका आल्या.

बातमी जिन्यात फुटली. समोरच्या काकू दारातच उभ्या राहिल्या. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा बघू. आमचे हे रोज तीन वेळा करायचे. गेले, पण घसा शेवटपर्यंत ठणठणीत होता."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खाली उतरून आले. "आवाज वापरायचाच नाही. कुजबुजा. एकदा माझा घसा बसला होता, तेव्हा मी अख्खी शाळा कुजबुजून चालवली."

"मुलं ऐकायची?"

"ऐकायची नाहीत. पण ती एरवीही ऐकायची नाहीत."

आणि मेहुण्याचा फोन आला. मेहुण्याचं चष्म्याचं दुकान होतं, पण ते औषधांच्या दुकानाला लागून असल्यामुळे मधल्या भिंतीतून ज्ञान झिरपत येतं, अशी त्याची समजूत होती. "भावोजी, डॉक्टरकडे जाऊन काय होणार? अँटिबायोटिक देणार ना? मग डब्यात बघा की!"

आता डब्याबद्दल सांगायला हवं. मुळात तो बिस्किटांचा डबा. त्यात घरातल्या तमाम आजारांतून शिल्लक राहिलेल्या गोळ्या ठेवलेल्या असत. घराण्याची रीतच होती तशी. औषध बरं वाटेपर्यंत घ्यायचं. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात. बरं वाटल्यावरही गोळ्या गिळत राहणं म्हणजे आपला थांबा आल्यावरही गाडीतच बसून राहण्यासारखं आहे, असं आवाजरावांच्या वडिलांचं वचन होतं. त्या डब्यातल्या बायकोच्या दाढेच्या दोन गोळ्या आवाजरावांनी घशासाठी घेतल्या. आता दाढ काय आणि घसा काय, एकाच गल्लीतली घरं. चार-सहा दिवसांत सर्दी गेली, घसा मोकळा झाला. आवाजरावांनी डब्याला मनोमन नमस्कार केला आणि जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "दोन गोळ्यांत खडखडीत. डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही."

ही फुशारकी फार तर आठवडाभर टिकली.

एका सकाळी ते उठले आणि आवंढा गिळायला गेले, तर घशात कुणी काटेरी तार ओढल्यासारखं झालं. अंगात ताप. मानेला दोन्ही बाजूंनी सुपारीएवढ्या गाठी. गंमत म्हणजे या खेपेला नाक कोरडं, खोकला नाही, शिंक नाही. सगळी सेना एकाच किल्ल्यावर चालून आलेली. आवाजरावांनी डबा उघडला. दाढेच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून त्यांनी एक गुलाबी, एक पांढरी आणि एक अर्धी तुटलेली अशी आघाडी तयार केली. आघाड्यांचं जे होतं तेच झालं. दुपारी जरा बरं वाटलं, संध्याकाळी ताप वाढला.

"आता उठा," बायको म्हणाली. "डॉक्टरीणबाईंकडे."

"कशाला? काकू म्हणतात..." आवाजराव कुजबुजले.

"काकूंचे हे गेले, हे पण काकूच म्हणतात."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या. त्यांनी टॉर्च घेतला, जीभ चमच्याने दाबली आणि म्हणाल्या, "आ करा."

आवाजरावांनी 'आ' केला. आजारी असला तरी तो व्यावसायिक 'आ' होता. बाहेरच्या बाकावरच्या रुग्णांनी माना वर केल्या. डॉक्टरीणबाईंवर काही परिणाम झाला नाही. "टॉन्सिल लाल आहेत, पांढरे ठिपके आहेत. काही औषध घेतलंय?"

"एक गुलाबी गोळी..."

"मी रंग नाही विचारला. नाव काय?"

आवाजरावांना नाव सांगता येईना. बायकोने डब्याची गोष्ट सांगितली. दाढेसकट, आघाडीसकट, वडिलांच्या वचनासकट. बायका डॉक्टरांसमोर इतकं खरं का बोलतात, हे एक कोडंच आहे.

"अहो, पण गेल्या वेळी दोन गोळ्यांत बरा झालो होतो," आवाजराव कुजबुजले.

"गेल्या वेळी सर्दी होती. विषाणूची. ती आपली आपण जाते. त्या दिवसांत तुम्ही गोळ्यांऐवजी पेपरमिंट खाल्लं असतं, तरी तेवढ्याच दिवसांत बरे झाला असता." डॉक्टरीणबाईंनी हात धुतले. "बहुतेक घसे असेच असतात, आराम, कोमट पाणी, गुळण्या, बस. अँटिबायोटिकचं तिथे काही कामच नसतं. हे आत्ताचं वेगळं दिसतंय. एकदम ताप, सर्दी नाही, मानेला गाठी, ठिपके. जंतूंचं असावं. पण नुसतं बघून सांगता येत नाही, म्हणून तपासायचं. आणि एक. कुजबुजताय कशाला?"

"आवाजाला आराम."

"कुजबुजण्याने आवाजाला जास्त ताण पडतो. बोलायचं तर हळू, साधं बोला. नाहीतर गप्प बसा."

दोन्ही गोष्टी आवाजरावांना आयुष्यात कधी जमल्या नव्हत्या.

मग डॉक्टरीणबाईंनी कापूस लावलेली लांब काडी काढली आणि ती थेट घशाच्या मागच्या भिंतीवर फिरवली. बावीस वर्षं ज्या घशाने शहराला शिस्त लावली, त्या घशातून त्या वेळी निघालेला आवाज कुठल्याही मशीनमध्ये घेण्यासारखा नव्हता. काडी नळीत बंद झाली आणि ती घेऊन नवराबायको चार घरं पलीकडच्या प्रयोगशाळेत गेले.

खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "नाव?"

गप्प बसण्याचा सल्ला अंगी मुरला नव्हता. आवाजराव सवयीने कुजबुजले. खिडकीतले गृहस्थ इकडेतिकडे बघून, आवाज दाबून म्हणाले, "काही खासगी तपासणी आहे का?" मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. रांगेतल्या एका बाईंनी आवाजरावांच्या बायकोच्या हातावर हात ठेवून हळूच म्हटलं, "धीर धरा हो. हल्ली सगळ्यावर उपाय निघालेत." आवाजराव मफलर नाकापर्यंत ओढून बाहेर पडले. त्यामुळे ती खासगी तपासणीच होती, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही.

रिपोर्टमध्ये जंतू निघाले. डॉक्टरीणबाईंनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. "सगळ्या संपवायच्या. बरं वाटलं तरी. दात घासायचा ब्रश बदला. तुमचा पेला, चमचा दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि पहिला दिवसभर तरी लोकांत जाऊ नका, दुसऱ्यांना लागेल."

आवाजरावांनी स्टँडप्रमुखांकडे रजा मागितली. ते म्हणाले, "तापाची रजा देतो. पण आवाज बसल्याची वेगळी रजा मागू नका, तशी तरतूद नाही. आजाराची रजा आहे, मौनाची नाही. ती निघाली तर निम्मं ऑफिस विवाहित आहे, उद्यापासून ओस पडेल."

रजेच्या त्या दिवसांत घोषणा चौकशीवाल्यांनी केल्या. आवाजराव अंथरुणात पडून ऐकत; घर स्टँडपासून फार लांब नव्हतं. पहिल्या घोषणेला भंगारवाला आला असं वाटून चाळीतल्या दोन बायका रद्दी घेऊन खाली उतरल्या. आवाजरावांना ताप उतरल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो खरोखरच उतरला. घास सुखाने उतरला, ठिपके गेले, आरशासमोर "प्रवाशांनी लक्ष द्यावं" म्हणून पाहिलं, तर तोच जुना भरदार आवाज. आणि मग त्यांनी तेच केलं, जे त्यांच्या वडिलांनी केलं असतं आणि आजोबांनी केलं असतं. उरलेल्या गोळ्यांची पट्टी डब्यात ठेवली. पुढच्या वेळेसाठी.

मेहुणा म्हणाला, "शाबास. औषध म्हणजे विष असतं, भावोजी." हे ज्ञान कुठल्या भिंतीतून आलं, ते त्याने सांगितलं नाही.

आवाजराव कामावर रुजू झाले. दोन दिवस त्यांनी असल्या घोषणा केल्या, की ज्यांना कुठे जायचं नव्हतं तेही गाडीत चढले. मग पुन्हा खवखव. मग पुन्हा ती तार. हे आता बायकोला सांगायचं म्हणजे डब्याबद्दल सांगायचं, म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. थर्मासमध्ये मिठाचं गरम पाणी घेऊन ते केबिनमध्ये बसत. दोन घोषणांच्या मधे पेल्यात पाणी ओतायचं, पेला तोंडाला लावायचा, गुळणी करून मागच्या मोरीत टाकायची, उरलेलं पेल्यात तसंच ठेवून पुढची गाडी सोडायची. याच दिवसांत चौकशीवाले सारखे वर येऊ लागले. "माइकचा जरा अंदाज घेतो," म्हणायचे आणि आवाजराव जेवायला उठले की खुर्चीत बसायचे.

शेवटी आवाजरावांना ताप भरला आणि एका घोषणेत फलाट क्रमांक चारऐवजी नुसताच एक चिरका सूर निघाला. खालच्या कुत्र्याने त्याला उत्तर दिलं. घरून तो सूर ऐकलेली बायको स्टँडवर आली आणि त्यांना तसंच उचलून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च विझवला. "गोळ्या कधी थांबवल्या?"

आवाजरावांनी बायकोकडे बघणं टाळलं. "थांबवल्या असं नाही. बरं वाटलं, म्हटलं आपला थांबा आला. उतरलो."

"थांबा आला नव्हता. गाडी सिग्नलला उभी होती," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "ताप लवकर उतरतो. जंतू उतरत नाहीत. दुर्लक्ष केलं की कधीकधी हृदयापर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत त्रास जातो. पुन्हा पहिल्यापासून घ्या. आणि बोलणं बंद."

"पण रेकॉर्डिंग..."

"बंद म्हणजे बंद."

या वेळी गोळ्या बायकोने ताब्यात घेतल्या. चाळीत मुलांना डोस पाजतात तशी ती समोर उभी राहायची, गोळी गिळून झाली की "तोंड उघडा" म्हणायची आणि आत बघायची. आवाजरावांना पाटी-पेन्सिल मिळाली. पण पाटीवर माणूस किती भांडणार? "मुळीच नाही" लिहीपर्यंत निर्णय होऊन जायचा. त्या आठवड्यात घरातला पडदा बदलला, सोफा खिडकीखाली गेला आणि बायकोची बहीण सहकुटुंब राहायला यायचं ठरलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्या घरातला प्रत्येक विषय शेवटास जात होता.

रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी दारात चौकशीवाले उभे राहिले. गळ्यात मफलर, डोळे तापाने लाल. त्यांनी तोंड उघडलं. खिळेही निघाले नाहीत, गंज निघाला.

"आवाजराव... घसा... गिळता येत नाही. उद्या रेकॉर्डिंग. तुमच्याकडे डबा आहे म्हणे गोळ्यांचा. तुमचा जिना चढतानाच ऐकलं. दोन-चार द्या की."

आवाजरावांनी पाटीवर लिहिलं, "कधीपासून?"

"परवापासून. आता तुमच्यापाशी काय लपवायचं? तुमच्या आवाजाचं गुपित कळावं म्हणून... तुम्ही जेवायला गेलात की मी तुमचा तो काढा घ्यायचो. पेल्यातला. गुण आला नाही. मीठ जरा जास्त होतं."

आवाजरावांनी पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि वर धरली.

"काढा नव्हे. गुळण्यांचं पाणी."

चौकशीवाल्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे... वापरण्याआधीचं ना?"

आवाजरावांनी दोन्ही बाजूंना मान हलवली.

यानंतर चौकशीवाल्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते वर्णन करण्यापेक्षा तिथे बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली, एवढं सांगितलं तरी पुरे. आवाजराव मात्र हसले नाहीत. त्यांची नजर कपाटावरच्या डब्याकडे गेली होती. डब्यात त्यांची स्वतःची अर्धवट पट्टी होती. नुसती हात लांबवून द्यायची होती. चार गोळ्या खाऊन चौकशीवाले उद्या तरतरीत होऊन आले असते आणि आठ दिवसांनी आडवे झाले असते. किंवा उद्याच आडवे झाले असते. काहीही झालं तरी फलाट क्रमांक एक ते चौदा आवाजरावांचे होते. शिवाय औषध मागणाऱ्याला औषध दिलं, म्हणून जगाने त्यांना भला माणूसच म्हटलं असतं. दुष्टपणा करायला इतकी सोज्ज्वळ संधी फार थोड्यांना मिळते.

त्यांनी पाटीवर लिहिलं, "चला."

"कुठे?"

"डॉक्टरीणबाई."

दवाखान्यात पुन्हा टॉर्च, पुन्हा काडी, पुन्हा तो आवाज. डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "यांना कुठून लागलं?" आवाजराव पाटीवर काहीतरी लांबलचक लिहायला लागले, तेव्हा चौकशीवाल्यांनी पाटीवर हात ठेवला. "नको. ते राहू दे. मित्र आहोत आम्ही."

सकाळी आवाजराव स्टँडप्रमुखांसमोर पाटी घेऊन उभे राहिले. रेकॉर्डिंगची तारीख पुढे ढकला, असं त्यावर लिहिलं होतं.

"अहो, पण चौकशीवाला पडलाय! तुम्ही बिनविरोध आहात. दोन-चार वाक्यं घशातून काढा आणि मोकळे व्हा."

बिनविरोध! हा शब्द आवाजरावांच्या जिव्हारी लागला. समोरचा झोपलाय म्हणून मिळालेली कुस्ती अंगाला माती लावून सांगता येत नाही. त्यांनी लिहिलं, "दोघांचे घसे बरे झाल्यावर. दोघांचंही रेकॉर्डिंग."

"वर कारण काय कळवू? तारीख बदलायला कारण लागतं. पूर, संप, पुढाऱ्याचं आगमन, यातलं काहीतरी."

आवाजरावांनी लिहिलं, "घसे."

स्टँडप्रमुखांनी बराच विचार केला आणि "तांत्रिक अडचण" असं कळवलं. ते काही खोटं नव्हतं.

पुढचे दिवस घोषणा स्टँडप्रमुखांनीच कशाबशा उरकल्या. स्टँडवरच्या लोकांना मात्र दुसरंच काही उमगेना. एकमेकांच्या वाऱ्याला उभे न राहणारे दोन गृहस्थ आता जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर बसत, न बोलता. आवाजराव पाटी वर करत, "घेतली?" चौकशीवाले रिकामी पट्टी दाखवत. मग तेही भुवया उंचावून तोच प्रश्न करत. शत्रूच्या तब्येतीवर इतकं बारीक लक्ष मित्रांचंही नसतं. चौकशीवाल्यांना बरं वाटून त्यांनी एकदा गोळी चुकवली, तर आवाजरावांनी पाटीवर लिहिलं, "तुम्ही हरणार ते माझ्याकडून, जंतूंकडून नाही." चौकशीवाल्यांनी पाणी न घेताच गोळी गिळली.

आणि दोघांच्या पट्ट्या संपल्या. अगदी शेवटच्या गोळीपर्यंत. आवाजरावांच्या घराण्यात ही घटना पहिलीच. डब्यात ठेवायला काही उरलं नाही म्हणून ते क्षणभर बावरलेच. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "बोला आता."

आवाजराव म्हणाले, "आभारी आहे." त्या म्हणाल्या, "त्या डब्याचं काय केलंत?"

"औषधांच्या दुकानात नेऊन रिकामा केला," बायकोने परस्पर सांगितलं. "आता त्यात बिस्किटं आहेत."

रेकॉर्डिंगवाला तरुण होता, कानावर मोठाले हेडफोन, बोलणं तुटक. आधी चौकशीवाले केबिनमध्ये गेले. त्यांनी आपल्या परीने जीव ओतला. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने दोनदा हेडफोन काढून झटकून पाहिले. आतून काही सुटं झालंय का ते.

मग आवाजराव बसले. त्यांच्यासमोर कागद आला. त्यात गाड्यांची वाक्यं नव्हतीच. नुसते सुटे शब्द, आकडे आणि मार्ग. मशीन ते जोडून घेणार होतं.

"एक ते साठ म्हणा. सरळ. भावना नको."

बावीस वर्षांत आवाजरावांनी एकही आकडा भावनेशिवाय उच्चारला नव्हता. "सदतीस," ते म्हणाले.

"काका, हा सदतीस फार दुःखी येतोय."

"सदतीस क्रमांकाची गाडी नेहमीच उशिरा येते."

"ते प्रवाशांना कळू दे हळूहळू. पुन्हा."

त्यांनी पुन्हा म्हटला. मग 'प्रवाशांनी लक्ष द्यावं' म्हणून नेहमीसारखे क्षणभर थांबले, 'जुना पूल मार्गे' म्हटलं, 'दवाखाना चौक' म्हटलं, 'फलाट क्रमांक' म्हटलं. हळूहळू रेकॉर्डिंगवाल्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्याने बटणं फिरवणं थांबवलं आणि हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत बसला. संपल्यावर म्हणाला, "कमाल आहे. इतकी वर्षं रोज माइकवर ओरडणाऱ्यांचा घसा फाटलेला असतो. तुमचा एकदम ताजा कसा?"

"दोन आठवडे आराम दिला," आवाजराव म्हणाले. "डॉक्टरांच्या सांगण्यावरून."

"आणि बायकोच्या," चौकशीवाले दारातून म्हणाले. मग जरा थांबून, पुढे होऊन त्यांनी हात पुढे केला. "सदतीस मला आवडला होता."

चार दिवसांनी वरून फोन आला. स्टँडप्रमुखांनी चहा न मागवता बातमी दिली. त्यावरूनच आवाजराव समजले.

मशीन सुरू झालं त्या सकाळी पहिलं बटण दाबायचा मान आवाजरावांनी चौकशीवाल्यांना दिला आणि स्वतः खाली फलाटावर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत तिथून त्यांनी आपला आवाज कधीच ऐकला नव्हता. शेजारी बायको होती, ठेवणीतली साडी नेसून, चेहऱ्यावर काही न दाखवता. त्यांच्यापुढे एक आजीबाई दोन पिशव्या आणि एक गाठोडं घेऊन गोंधळून उभ्या होत्या.

"काय हो, दवाखाना चौकाची गाडी कुठे लागते?"

"फलाट चार, आजी," आवाजराव अदबीने म्हणाले. "दहा मिनिटांत."

आजीबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नक्की? नाहीतर थांबा. कुणीही काहीही सांगतं इथे. ते वरचे बोलतील ना आत्ता, मग बघू."

बायकोने मान वळवून मोठ्या मुश्किलीने खोकल्यासारखं केलं. आवाजराव गप्प उभे राहिले. आता जमायला लागलं होतं. एवढ्यात कर्ण्यात खरखर झाली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं."

मग तो क्षण आला. संपूर्ण स्टँड थांबलं. हमालाने डोक्यावरचं ओझं तसंच धरलं, भांडणाऱ्या जोडप्याने भांडण अर्ध्यावर ठेवलं. आवाजराव स्वतःही थांबले. पुढे काय येणार हे त्या फलाटावर फक्त त्यांनाच ठाऊक होतं, तरी त्यांनी श्वास रोखला.

"जुना पूल मार्गे दवाखाना चौकाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर येत आहे."

आजीबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी गाठोडं उचललं, निघाल्या, दोन पावलांवर थांबल्या आणि मागे वळून मोठ्या मनाने म्हणाल्या, "तुमचंही बरोबर होतं हो. पण त्यांनी सांगितलं की कसं खात्री वाटते."

"वाटणारच, आजी," आवाजराव म्हणाले आणि त्यांचं गाठोडं उचलून फलाट चारकडे निघाले.